मानेतल्या नसांच्या वाटा प्रत्येकात वेगळ्या का असतात, आणि ऑपरेशनआधी ते का माहीत असावं

आमच्या गल्लीतल्या एक मावशी टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायचं काम करतात. त्यांच्या गळ्याच्या पुढे लिंबाएवढी गाठ होती, ती दोन वर्षांत मोसंबीएवढी झाली. थायरॉईडची गाठ. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि संमतीचा कागद घरी वाचायला दिला. त्यातल्या एका ओळीने मावशींची झोप उडाली: 'आवाजात बदल होण्याची शक्यता'. एकादशीच्या भजनात पहिला अभंग त्यांचा असतो. संध्याकाळी कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

"म्याडम, आवाज जातोय म्हणे की ओ? गाठ तर बाहेरच्या अंगाला हाय. आवाजाला कशाला हात लावायचा त्यांनी?"

मी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचना शिकवते. मावशींचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्या संध्याकाळी त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सोलापुरात मानेच्या ऑपरेशनची पाळी येणारी माणसं थोडी नाहीत. थायरॉईड आहे, क्षयाच्या गाठी आहेत, आणि मावा-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर आहे, ज्यात मानेतल्या गाठीही काढाव्या लागतात.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. बोलताना आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो. या लेखात नस म्हणजे नर्व्ह, मज्जातंतूंचा जुडगा. तिच्यातून रक्त वाहत नाही, निरोप जातात: हा स्नायू आवळ, तो सैल सोड, इथे दुखतंय, तिथे गार लागतंय. उघडलेल्या मानेत नस पांढरट आणि किंचित चकाकणारी दिसते. ती धमनीसारखी उडत नाही. नीट पाहिलं तर तिच्या पाठीवरून केसाएवढी लाल रक्तवाहिनी गेलेली असते. आवाजाची नस जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची. टॉवेलच्या टोकाला झालर असते ना, तिच्यातल्या एका पिळाएवढी.

आणि ही नस थायरॉईडला अगदी पाठीमागून खेटून जाते. मावशींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच. गाठ बाहेरून दिसते म्हणून ती बाहेर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात थायरॉईड श्वासनलिकेला मिठी मारून बसलेली असते, आणि श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून ही नस वर चढून स्वरयंत्रात शिरते. थायरॉईड सोडवायची तर त्या खाचेपर्यंत जावंच लागतं.

आता खरी गंमत. ही नस मेंदूकडून निघते आणि स्वरयंत्राला जायचं असतं, म्हणजे वरून खाली सरळ यायला हवी. पण ती स्वरयंत्र ओलांडून खाली छातीत उतरते, एका मोठ्या धमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. डावीकडची नस थेट हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळते. उजवीकडची तेवढी खाली जात नाही, उजव्या हाताला रक्त नेणाऱ्या धमनीखालून वळते. डॉक्टर तिला 'रिकरंट लॅरिंजिअल नर्व्ह' म्हणतात. मी इथे 'परतीची नस' म्हणते. जिराफाच्या लांब मानेत हीच नस काही मीटर लांबीची असते.

हा वळसा कशासाठी, हे मावशींना दोऱ्याने दाखवलं. दोरा त्यांच्याच पिशवीत होता. म्हटलं, दोन्ही टोकं धरा, एका हातातलं टोक म्हणजे मेंदू, दुसऱ्यातलं स्वरयंत्र. हात जवळजवळ ठेवा. मधल्या सैल दोऱ्यात मी माझं बोट अडकवलं. हे बोट म्हणजे रक्तवाहिनी. पोटातलं बाळ चार-पाच आठवड्यांचं असतं तेव्हा ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं. त्याला मान अशी नसतेच, हृदय जवळजवळ हनुवटीखाली असतं. नस त्या वेळी रक्तवाहिनीच्या खालून सरळ स्वरयंत्राकडे जाते, अंतर जराही नाही. मग मान लांब व्हायला लागते, हृदय छातीत उतरतं. मी बोट खाली ओढलं आणि दोऱ्याचा लांब फास तयार झाला. मावशी म्हणाल्या, "म्हंजे शीर नसला ओढत नेती." अगदी तसंच.

बाळाच्या गळ्यात त्या वेळी रक्तवाहिन्यांच्या कमानींच्या जोड्या असतात, वरून खाली मोजलेल्या. परतीची नस सहाव्या कमानीखालून जाते. डावीकडे ही सहावी कमान जन्मापर्यंत काम करत राहते आणि नंतर तिची एक दोरी उरते, त्यामुळे डावी नस महाधमनीपाशी अडकून राहते. उजवीकडे त्या सहाव्या कमानीचा बाहेरचा भाग विरून जातो, पाचवीही राहत नाही, म्हणून नस सुटून चौथ्या कमानीला जाऊन टेकते. तीच पुढे उजव्या हाताची धमनी होते. डावी-उजवीची उंची वेगळी का, ते यात आलं. डावी नस छातीत एवढी खोल जाते म्हणून कधी कधी आवाज बसतो आणि मूळ दोष फुप्फुसाजवळ सापडतो. तंबाखू ओढणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसून राहिला तर गळ्याबरोबर छातीही तपासतात ती याचसाठी.

मग मी बोट काढून घेतलं. दोरा सुटला आणि सरळ झाला. असंही काही माणसांत होतं.

काहींमध्ये गर्भातच उजवी चौथी कमान विरून जाते. उजव्या हाताला रक्त तर हवंच, म्हणून त्या हाताची धमनी महाधमनीच्या डाव्या टोकाकडून निघते आणि बहुतेक वेळा अन्ननलिकेच्या मागून आडवी उजवीकडे येते. माणसाला आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो, एखाद्यालाच घास अडकल्यासारखा वाटतो. पण आता उजव्या नसेला अडकायला खुंटीच उरली नाही. ती वळसा घालायच्या भानगडीत न पडता मानेतूनच आडवी निघून थेट स्वरयंत्रात जाते. परतीची नस परतत नाही. स्टेडमन नावाच्या डॉक्टरने १८२३ साली अशा नसेची नोंद केली. शंभर माणसांत जेमतेम एखाद्यात किंवा त्याहूनही कमी जणांत ती सापडते, आणि जवळजवळ नेहमी उजवीकडेच. डावीकडे ती अतिशय विरळ. ज्यांचं हृदय आणि पोटातले अवयव उलट बाजूला असतात, अशांत तिच्या नोंदी आहेत.

शंभरात एक म्हणजे नगण्य, असं वाटेल. पण सर्जनच्या जागी उभं राहून पाहा. तो खालून वर येणारी उभी दोरी शोधतोय. ती काही सापडत नाही. त्याच वेळी समोर एक आडवा पांढरा धागा थायरॉईडकडे जाताना दिसतो. आडव्या जाणाऱ्या गोष्टी तिथे बहुतेक रक्तवाहिन्या असतात, आणि रक्तवाहिन्या तर बांधून कापायच्याच असतात. ज्याच्या डोक्यात ही शक्यता आधीच नाही, तो तिला कापू शकतो. ज्याच्या डोक्यात आहे, तो थांबतो. आधी सीटी स्कॅन झालेला असेल तर उजव्या हाताची धमनी भलत्या जागेवरून निघालेली त्यात दिसते, आणि मग नस सरळ असणार हे टेबलावर घेण्याआधीच कळतं. जाणकार माणूस सोनोग्राफीतही ते ओळखू शकतो. म्हणून स्कॅन झालेला असला तर तो फक्त गाठीपुरता पाहायचा नसतो.

ही झाली विरळा गोष्ट. रोजची गोष्ट वेगळी आहे, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शरीररचना शिकवतात तिथे, एका टेबलाभोवती मुलांचा गट असतो. एका जुलैच्या दुपारी अक्कलकोटकडची एक मुलगी तासभर वाकून काम करत होती. शेवटी चिमटा खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, आमच्या बॉडीत ही नर्व्हच नाही." पुस्तकातल्या चित्रात नस थायरॉईडच्या खालच्या धमनीच्या मागून जाते, तिने तिथेच शोधलं होतं. मी तिचा हात धरून धमनी हलकेच बाजूला घेतली. नस धमनीच्या पुढून गेली होती, आणि त्या चरबीच्या थरात ती तिला धमनीचीच फांदी वाटली होती. मग तिला त्याच देहाची डावी बाजू उघडायला सांगितली. तिथे नस धमनीच्या दोन फांद्यांच्या मधून निघाली. माणूस एकच, मान एकच, आणि दोन बाजूंना दोन वाटा.

पुस्तकातलं चित्र खोटं नसतं, ते बहुसंख्यांचं असतं. नस धमनीच्या मागून जाईल, पुढून जाईल किंवा मधून जाईल. डावीकडे मागून जाण्याचं प्रमाण जास्त, उजवीकडे फार भरवसा धरता येत नाही. शिवाय बऱ्याच लोकांत ती स्वरयंत्रात शिरण्याआधीच दोन किंवा जास्त फांद्यांत फुटते. यातली पुढची फांदी साधारणपणे स्वरतंतू हलवण्याचं काम करते. सर्जनला मागची, जाड फांदी आधी सापडली आणि 'मिळाली नस' म्हणून तो निर्धास्त झाला, तर पुढची बारीक फांदी धोक्यात येते. सर्वांत नाजूक जागा म्हणजे शेवटचे एक-दोन सेंटिमीटर. तिथे थायरॉईड एका घट्ट पट्ट्याने श्वासनलिकेला बांधलेली असते आणि नस त्या पट्ट्याला चिकटून जाते. ग्रंथी पुढे ओढली की पट्टा ताणला जातो आणि त्याबरोबर नसही. ती न कापताही नुसत्या ताणाने बधिर होऊ शकते. त्यात गाठ मोठी असेल, मावशींच्या गाठीसारखी, तर ती नसेला ढकलून कुठे तरी बाजूला, कधी आपल्या पाठीवर चपटी करून नेते. म्हणजे जन्माची वाट एक आणि आजाराने बदललेली वाट दुसरी.

हे सगळं शिकायला देह लागतात. १९४९ च्या कायद्याने बेवारस देह शिकवण्यासाठी मिळतात, आणि अलीकडे लोक आपण होऊन देहदान करतात. त्या मुलीने त्या दुपारी जे पाहिलं ते कोणत्याही चित्रात नव्हतं. एखाद्या कुटुंबाने आपल्या माणसाला शेवटचा नमस्कार करून आमच्या दारात आणून सोडलं होतं, म्हणून ते तिला दिसलं. सत्रातला पहिला तास मी त्या टेबलापुढे हात जोडूनच सुरू करते.

या नसेचं काम माणसाला फार आधी कळलं होतं. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाच्या वैद्याने लोकांसमोर डुकराच्या गळ्यातल्या या नसा कापून दाखवल्या. ओरडणारं जनावर धडपडत राहिलं, पण आवाज बंद. एवढं माहीत असूनही शस्त्रक्रियेत काय करायचं यावर मात्र फार काळ मतभेद राहिले. थायरॉईडची शस्त्रक्रिया सुरक्षित करणाऱ्या थिओडोर कोखर यांना १९०९ चं नोबेल मिळालं, तरी त्यांच्यानंतरही अनेक सर्जनांचा नियम होता की नसेच्या वाटेलाच जाऊ नका. तिला शोधायला गेलात तर दुखावेल, तिच्या आसपासचं मांस थोडं तसंच सोडून द्या. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण नस कुठे आहे हे माहीत नसताना तिच्यापासून लांब राहणार तरी कसं? १९३८ साली बॉस्टनच्या फ्रँक लेही यांनी उलट मांडणी केली: प्रत्येक ऑपरेशनमध्ये नस शोधा, डोळ्यांनी पाहा आणि मग काम करा. आज जगभर हाच रिवाज आहे. नसांच्या वाटा इतक्या वेगवेगळ्या असतात हे ज्याने पाहिलंय त्याला दुसरा कुठला रिवाज पटणारच नाही. अनुभवी हातांत या नसेला कायमची इजा आज शंभरात एक-दोघांना किंवा त्याहूनही कमी जणांना होते.

इजा झालीच तर काय होतं? एका बाजूची नस गेली तर त्या बाजूचा स्वरतंतू लुळा पडतो. आवाज घोगरा आणि हवा सुटल्यासारखा येतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या गेल्या तर प्रश्न आवाजापुरता राहत नाही. दोन्ही तंतू मध्ये येऊन थांबतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि गळ्याला भोक पाडून नळी घालायची वेळ येऊ शकते. मावशींची थायरॉईड एकाच बाजूची काढायची होती. म्हणजे धोका एकाच नसेला. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचा अर्धा ताण उतरला.

पण भजनाची काळजी होती, आणि तिथे दुसरी एक नस येते. तिची चर्चा कमी होते, याचं मला वाईट वाटतं. थायरॉईडच्या वरच्या टोकाशी एक फार बारीक नस स्वरयंत्राच्या पुढच्या एका लहान स्नायूला जाते. हा स्नायू स्वरतंतू ताणतो. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार चढते, तसा आवाज चढतो तो या स्नायूने. ही नस दुखावली तर बोलणं नेहमीसारखंच राहतं, कुणाला काही कळत नाही. माणूस गायला बसला, लांब हाक मारायला गेला की आवाज वर चढत नाही आणि लवकर थकतो. काहींत ही नस ग्रंथीपासून बरीच वरून जाते, तिला काही धोका नाही. काहींत मात्र ती ग्रंथीच्या वरच्या टोकाखाली उतरलेली असते, नेमकी जिथे सर्जन रक्तवाहिन्या बांधतो तिथे. सर्निया या ब्राझीलच्या सर्जनच्या गटाने १९९२ मध्ये या वाटांचे प्रकार पाडून दिले, ते आजही वापरात आहेत. गाठ मोठी झाली की ग्रंथीचं टोक वर सरकतं आणि लांबची नसही जवळची होऊन जाते.

या नसेला ऑपेराच्या एका गायिकेचं नाव चिकटलंय. अमेलिता गल्ली-कुर्ची, अतिशय उंच स्वरात गाणारी. १९३५ साली शिकागोत तिच्या गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर तिची कारकीर्द संपली. दोष या नसेच्या इजेवर गेला आणि वैद्यकीयच्या पिढ्यांनी तो किस्सा ऐकला. पुढे काही डॉक्टरांनी जुनी कागदपत्रं आणि तिच्या गाण्याविषयीचे अहवाल तपासून ही गोष्ट खरी असेलच असं नाही, असं दाखवलं. तरी त्या किश्श्यामुळे सर्जन या नसेकडे पाहायला शिकले, हे चांगलंच झालं.

आता यंत्राबद्दल. हल्ली नसेवर लक्ष ठेवणारं एक उपकरण असतं. भूल देताना श्वासनलिकेत जी नळी घालतात तिच्यावर विजेचे संवेदक असतात, ते स्वरतंतूंना टेकतात. सर्जन बारीक काडीने संशयित धाग्याला अगदी सौम्य विजेचा स्पर्श करतो. तो धागा खरंच नस असेल आणि ठणठणीत असेल तर स्वरतंतू आकसतो, यंत्र आवाज देतं, पडद्यावर लाट उमटते. आडवी जाणारी ती सरळ नस, फुटलेल्या फांद्या, वरची बारीक नस, हे सगळं ओळखायला त्याचा फार उपयोग होतो. पहिल्या बाजूला काम संपता संपता संकेत येईनासा झाला तर बरेच सर्जन दुसरी बाजू त्या दिवशी करतच नाहीत. काही महिने थांबतात, म्हणजे दोन्ही नसा एकदम जाण्याची वेळ येत नाही. हे यंत्र सगळीकडे नसतं आणि नसलं म्हणून ऑपरेशन वाईट होतं असं मुळीच नाही. डोळ्यांनी नस पाहण्याला ते मदत करतं, पाहायचं काम मात्र सर्जनलाच करावं लागतं.

आवाजाच्या नसांबद्दल निदान कागदावर एक ओळ तरी असते. खांद्याच्या नसेबद्दल बहुतेक वेळा तीही नसते. ही गोष्ट माझ्या घरातली आहे.

माझ्या थोरल्या मामीच्या मानेच्या डाव्या अंगाला तरुणपणी एक गाठ आली. एका दवाखान्यात जागेवर भूल देऊन ती काढली, वीस मिनिटांचं काम, तीन टाके. गाठ क्षयाची निघाली, औषधं झाली, मामी बरी झाली. पण दोन-तीन आठवड्यांत खांदा जड वाटायला लागला. अंबाडा घालायला डावा हात वर जाईना. वरच्या फळीवरचा शेंगादाण्याचा डबा काढता येईना. सगळे म्हणाले, खांदा आखडलाय. वर्षानुवर्षं तेल चोळलं, शेक घेतला. शेवटी मामाने स्वयंपाकघरातली फळी दीड हात खाली ठोकून दिली आणि विषय संपला.

मी पहिल्या वर्षाला मानेची बाजू उघडत होते. कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे तिरका जाणारा मोठा स्नायू असतो, मान वळवली की उठून दिसतो तो. त्याच्या मागच्या कडेतून एक नस बाहेर पडते आणि तिरकी खाली जाऊन खांदा उचलणाऱ्या स्नायूत शिरते. या मधल्या पट्ट्यात तिच्यावर ना स्नायूचं आवरण, ना हाडाचं. कातडी, थोडी चरबी, एक पातळ पडदा, की लगेच नस. आणि तिच्याभोवती लसीका गाठी माळेसारख्या लागून असतात. गंडमाळ हा आपला जुना शब्द किती नेमका आहे ते त्या दिवशी कळलं. मला मामीचे तीन टाके आठवले. दिवाळीत गेले तेव्हा तिला पाठमोरं बसवलं. डावा खांदा खाली आलेला, मानेपासून खांद्यापर्यंतचा भराव वितळून गेलेला, पाठीचं पातं बाहेर आलेलं. हात बाजूने खांद्याच्या वर जात नव्हता. काही महिन्यांत लक्षात आलं असतं तर नस जोडता आली असती. इतक्या वर्षांनी स्नायूच उरला नव्हता.

ही नसही वाटा बदलते. कुणात ती वरून बाहेर पडते, कुणात खालून. कानाच्या पाळीला जाणारी एक संवेदनेची नस त्याच स्नायूच्या कडेला वळसा घालून वर चढते. खांद्याची नस साधारण तिच्या एक-दोन सेंटिमीटर वर मिळते. सर्जनला ही खूण फार उपयोगी पडते. वर, कवटीजवळ, ती मानेतल्या मोठ्या शिरेला ओलांडते: बहुतेकांत पुढून, काहींत मागून, आणि क्वचित शीरच दुभंगलेली असते आणि नस तिच्या मधून जाते. खांद्याच्या त्या स्नायूला मानेच्या मणक्यांतूनही थोडे धागे येतात, ते किती येतात हेही माणसागणिक वेगळं. त्यामुळे एकसारखी इजा होऊन एकाचा हात बराचसा चालतो आणि दुसऱ्याचा अजिबात चालत नाही.

म्हणून कळकळीने सांगते. मानेच्या बाजूची गाठ काढणं 'छोटं काम' समजू नका. बऱ्याचदा आधी सुईने तपासणी करून निदान होतं, गाठ कापून काढावी लागतच नाही. काढावी लागली तर मानेच्या नसा माहीत असलेल्या सर्जनकडे, नीट उजेडात काढावी. आणि त्यानंतर खांदा पडला, हात वर जाईना, तर तेल चोळत बसू नका, महिन्याभरात डॉक्टरांना दाखवा.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये याच गाठींच्या माळा दोन्ही बाजूंनी काढाव्या लागू शकतात. १९०६ साली अमेरिकेच्या जॉर्ज क्राइल यांनी ही शस्त्रक्रिया मांडली तेव्हा गाठींबरोबर मोठी शीर, तो तिरका स्नायू आणि खांद्याची नसही काढून टाकत. जीव वाचे, पण खांदा जाई. १९६३ मध्ये अर्जेंटिनाच्या ओस्वाल्डो सुआरेस यांनी दाखवलं की गाठी चरबीच्या आवरणासकट सोलून काढता येतात आणि नस, शीर, स्नायू राखता येतात. आज शक्य तिथे तेच करतात. जबड्याखाली छेद घेताना खालच्या ओठाची नसही जपावी लागते. डिंगमन आणि ग्रॅब या डॉक्टरांनी १९६२ मध्ये शंभर अर्धचेहरे, म्हणजे चेहऱ्याची एकेक बाजू, तपासून ही नस कुठून जाते ते पाहिलं. चेहऱ्याच्या धमनीच्या मागच्या भागात पाचातल्या चारांमध्ये ती जबड्याच्या कडेच्या वर होती, उरलेल्यांत कडेखाली, सेंटिमीटरभरापर्यंत. म्हणून छेद कडेपासून दोन बोटं खाली घेतात. नाहीतर हसताना ओठ एका बाजूला वाकडा राहतो.

हाताच्या नसांचं जाळंही मानेतूनच निघतं. खांद्याच्या ऑपरेशनला मानेत सुई देऊन हात बधिर करतात, तेव्हा त्या नसा दोन स्नायूंच्या फटीत असतील असं धरलेलं असतं. काहींत वरची नस त्या फटीत नसतेच, पुढच्या स्नायूच्या आरपार किंवा त्याच्याही पुढून गेलेली असते. म्हणून आता सोनोग्राफीवर पाहून सुई देतात. शेजारूनच श्वासाच्या पडद्याची नस जाते, आणि या भुलीने तिची एक बाजू बऱ्याचदा काही तास बंद पडते. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. पण मागावर सुताच्या धुळीत आयुष्य गेलेल्या, आधीच धाप लागणाऱ्या माणसाने आपल्या कामाची गोष्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

मावशींना मी तीन गोष्टी डॉक्टरांना विचारायला सांगितल्या. ऑपरेशनआधी दुर्बिणीने स्वरतंतू पाहणार का, कारण एखादा तंतू आधीच लुळा असला तर ते आधी कळायला हवं. नस शोधून, डोळ्यांनी पाहूनच पुढे जाणार ना. आणि मी भजन म्हणते, हे आपण होऊन सांगायचं. वरच्या नसेची आठवण त्यांना आपोआप होईल. त्या म्हणाल्या, "डॉक्टर रागावतील की." चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. त्यांचे रागावले नाहीत. उलट त्यांनी कागदावर गळा काढून दाखवला.

ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस आवाज जाड होता. भुलीच्या नळीनेही तसं होतं, आणि ताणलेली नस असेल तर पूर्ववत व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, हे आधी बोललो होतो म्हणून घरात कुणी घाबरलं नाही. टाके काढल्यावर मावशी सुट्टीचा कागद घेऊन आल्या. ऑपरेशनची टीप इंग्रजीत होती. मी वाचून मराठीत सांगितली: उजवी परतीची नस धमनीच्या पुढून जात होती, स्वरयंत्राआधी दोन फांद्यांत फुटली होती, दोन्ही फांद्या दिसल्या, दोन्ही राखल्या. वरची बारीक नस ग्रंथीच्या टोकाजवळ होती, तिच्या खालून रक्तवाहिन्या एकेक करून बांधल्या.

"म्हंजे माझी पुस्तकातल्यासारखी नव्हती तर."

"नव्हती."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि रेशनकार्ड ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट सरकवली. पुन्हा कधी गळा उघडायची वेळ आली तर पहिल्यांदा हाच कागद दाखवायचा, हे मी त्यांच्या सुनेलाही सांगून ठेवलंय.